दादाच्या बोटीला माझं कुलूप

४ फेब्रुवारी

आज दादाकडून आलं ते असं: दोरीने बांधलेली लाकडी पेटी एक. आत बोटीचं नोंदणीपुस्तक, पानं दोन ठिकाणी सुटलेली. बुचाच्या गोळ्याला बांधलेल्या किल्ल्या दोन. फेरीवही एक, जाड, डिझेलचा वास येणारी. चष्मा, रेनकोट, अर्धी झिजलेली दाढीची साबणवडी. वकिलाचं पत्र.

लागलेला खर्च: पेटीचं मोटारभाडं एकशे दहा, हमाली तीस (वीस ठरली होती), मुद्रांक दोनशे चाळीस. एकूण तीनशे ऐंशी. बोट अजून डोळ्यांनी पाहिली नाही आणि तिने तीनशे ऐंशी खाल्ले.

वकील लिहितात की दादाने सव्वीस फुटी बोट, बांधणीला बावीस वर्षं झालेली, धाकट्या बहिणीच्या नावे ठेवली आहे. धाकटी बहीण म्हणजे मी. डिसेंबरात तो गेला तेव्हा आम्हाला कळेपर्यंत आठवडा उलटला होता. ज्याने कळवलं त्याने पत्राखाली सहीसुद्धा केली नव्हती. बोलणं तर आमचं अकरा वर्षं बंदच होतं. मी एकामागून एक तीन स्थळं आणली, तिन्ही त्याने मुलगी न बघता नाकारली. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, राहा मग पाण्यावर बेडकासारखा. तो राहिला.

हे म्हणाले, "विकून टाक. स्वयंपाकघरावरचे पत्रे तरी होतील." पत्र्यांचा अंदाज बासष्ट हजारांचा आहे. देवाजवळ दिवा लावताना मनात पत्रेच आले, त्याची क्षमा मागितली.

७ फेब्रुवारी

बोटींचा दलाल स्वतःहून घरी आला. मी कुणाला बोलले नव्हते. याला वास कुठून लागला ते विचारलं, तर म्हणाला, "ताई, धक्क्यावर गोष्ट लपत नाही. आणि देवाच्या दयेने माझं नाव चांगलं आहे."

माणूस बरा वाटला. चपला बाहेर काढल्या, देवाच्या तसबिरीला आधी हात जोडले, मग बसला. जुन्या बोटीला फार तर एक लाख चाळीस मिळतील म्हणाला. मी फार खूश दिसले नाही. भाजीवालीसमोर कधी खूश दिसू नये, तसंच हे.

११ फेब्रुवारी

धक्क्यावर जाऊन आले. मोटारीने चार तास, जाऊन-येऊन तिकीट एकशे ऐंशी. डबा घरूनच नेला होता.

फेरीबोटींच्या तिकिटांची एक खोली आहे, खिडकी हातभर. आत पन्नाशीची एक बाई बसते, सगळे तिला तिकीटवाली म्हणतात. मी दादाचं नाव सांगितलं तर तिने खिडकी बंद केली, फलक उलटा केला आणि बाहेर आली. रांगेत चार माणसं उभी होती. त्यातला एक ओरडला, "अहो, आम्ही पोहत जायचं का?"

ती म्हणाली, "जा. अंघोळ होईल."

तिनेच बोट दाखवली. पांढरी, कडेने निळी पट्टी, रंग जुना पण पोपडे नाहीत. आत गेले आणि चाट पडले. खिडक्यांना पडदे, हाताने शिवलेले, टाके बारीक. उशा दोन. कप दोन. कुंडीत कसलंसं रोप. आरशापाशी कंगवा, त्यात लांब पांढरे केस. दादाचे केस तर कधीच गेले होते.

म्हणजे तो गेल्यावर दोन महिन्यांत या बाईने बोटीवर संसार मांडलाय. विचारलं, "इथे कोण राहतं?"

"बोट रिकामी ठेवता येत नाही," ती म्हणाली. हे काही उत्तर नव्हे.

मग तिने स्टोव्ह पेटवून चहा केला आणि माझ्या कपात साखर घातली नाही. मी साखर घेत नाही हे हिला कुणी सांगितलं? माझी चौकशी करून ठेवलेली दिसते. चहा घेतला, पण अर्धाच.

निघताना म्हणाली, "विकणार का?"

"भाव बघून."

"एक वर्ष थांबाल?"

"कशासाठी?"

ती खिडकीकडे गेली आणि फलक सुलटा केला.

१३ फेब्रुवारी

दोन दिवस फेरीवही वाचतेय. जुनी बोट विकताना ती किती वर्षांची यापेक्षा इंजिन किती तास चाललं ते पाहतात, असं दलाल म्हणाला होता. म्हणून तासांची बेरीज मांडली. पाच हजार एकशे आठ तास भरले. बोटीवरच्या तास मोजणाऱ्या काट्यावर मात्र एकोणीसशे चाळीस होते, मी तिथे टिपून आणले होते. कुणीतरी काटा मागे फिरवलाय.

आणखी एक. वहीत दोन अक्षरं आहेत. एक दादाचं, तिरकं, मला माहीत असलेलं. दुसरं गोल, नीटनेटकं. ते सतरा वर्षांपूर्वी सुरू होतं आणि मग पानोपानी आहे. "आज तेल बदललं." "वारा होता, गेलो नाही." "त्याचा खोकला. नांगर टाकून बसलो." खलाशी ठेवला होता म्हणावं, तर खलाशाचा पगार कुठेच लिहिलेला नाही. सतरा वर्षं फुकट काम कोण करतं? नक्कीच बाहेरच्या फेऱ्या मारून वरचं खात असणार.

१७ फेब्रुवारी

धक्क्यावरच्या इंजिन-मिस्त्रीकडून किंमत करवून घेतली. फी तीनशे, सांगितली होती साडेचारशे.

ठरलं होतं दहाला, मी मुद्दाम साडेआठलाच पोचले. मिस्त्रीला दुकानातून उठवून आणलं, त्याने इंजिनावर हात ठेवला. मीही ठेवला. कोमट होतं.

मिस्त्री म्हणाला, "किंमत करायची तर इंजिन गार पाहिजे, बाई. गार असताना एका झटक्यात लागलं तर खरं. तापवून ठेवलेलं कुणाचंही लागतं."

"मग हे कुणी तापवलं?"

"तिने. रोज सकाळी कामावर जायच्या आधी पाव तास चालवते. तुमच्या दादांची शिस्त."

मी काय समजायचं ते समजले. इंजिनात खोट आहे आणि ती या दोघांना माहीत आहे.

मग त्याने लाकडी हातोडीने बोट सगळीकडून ठोकून पाहिली. टणटण वाजलं की चांगलं, ढप वाजलं की आत पाणी मुरलेलं. एकाच ठिकाणी ढप वाजलं, मागच्या कोपऱ्यात. मी फळ्यांवर गुडघे टेकून सगळं ऐकलं. तळाशी, बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बाहेर जातो तिथून, थेंब थेंब पाणी आत येत होतं. मी तिकडे हात करून म्हटलं, "हे काय?"

"ते यायलाच पाहिजे. थेंब थांबला तर दांडा जळतो."

पन्नास वर्षांची झाले. गळणारी वस्तू गळायलाच पाहिजे असं सांगणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला.

शेवटी त्याने आकडा सांगितला: दोन लाख पंच्याहत्तर हजार. काट्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "इंजिन आठ वर्षांपूर्वी नवं बसवलं, काटा त्याच्यासोबतचा. मागे कुणी फिरवला नाही. म्हणून तर एवढा भाव सांगतोय."

तिकीटवाली ऐकत उभी होती. म्हणाली, "मी दोन लाख देते. माझे साठलेले आहेत. वरचे वर्षाने."

तिकिटं फाडणाऱ्या बाईकडे दोन लाख कुठून? गल्ल्यातून. आणि ती जर दोन द्यायला तयार आहे, तर बोट चाराची असली पाहिजे.

१९ फेब्रुवारी

दलाल आला. त्याला सगळं सांगितलं. बराच वेळ मान हलवत राहिला. म्हणाला, "ताई, तुम्ही देवमाणूस, तुम्हाला ही दुनिया कळायची नाही. मिस्त्री आणि ती बाई एकाच ताटातले. मोठा आकडा सांगून गिऱ्हाईक पळवायचं, मग स्वतः स्वस्तात घ्यायचं. आधी तुमची वस्तू ताब्यात घ्या. कुलूप घाला. आणि बॅटरी काढून घरी न्या. धक्क्यावर पहिली चोरी बॅटरीचीच होते."

मला पटलं. बॅटरी म्हणजे साडेसहा हजारांची वस्तू.

२० फेब्रुवारी

परत जाऊन आले. कुलूप नवीन घेतलं, सात कळांचं, एकशे पंचाण्णव. ती दुपारी खिडकीवर असते तेव्हाच गेले. बॅटरी धक्क्यावरच्या हमालाकडून सोडवून घेतली आणि पिशवीत घालून आणली. मोटारीत मांडीवर घेऊन बसले. शेजारचा म्हणाला, "काय आहे, कलिंगड?" मी म्हटलं, "हो."

निघताना ती खिडकीतून हाक मारत होती. गर्दीत नीट ऐकू आलं नाही. पंप की काहीतरी म्हणत होती. मी मागे वळले नाही, वळलं की बोलणं वाढतं.

बॅटरी देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवली आहे. आज शांत झोप लागेल.

२४ फेब्रुवारी

पोस्टमन एक पत्र घेऊन आला. तिकीट कमी लावलेलं, दंडासह आठ रुपये मागू लागला. पाठीमागे धक्क्याचा शिक्का. म्हणजे तिचंच. मी म्हटलं, परत ने. जन्मभर तिकिटं विकली आणि पत्राला पुरेसं तिकीट लावता येत नाही. की माझ्याकडून आठ रुपये काढायचा हासुद्धा डावच?

हे म्हणाले, "आठ रुपयांत काय लिहिलंय ते तरी कळलं असतं."

"काय असणार? गयावया."

२६ फेब्रुवारी

दलाल सकाळीच आला. बोटीचं कुलूप तोडलं. तिनेच. दोन माणसांनी पाहिलं. मी त्याला म्हटलं, आता बघा, शेवटी देव खरं बाहेर काढतोच. उद्या जाते. तक्रारीचा कागद लिहून तयार ठेवला आहे, अक्षर चांगलं आलंय.

२७ फेब्रुवारी

नीट लिहायला हवं, म्हणून सावकाश लिहिते.

बोट धक्क्याला होती, पण खाली बसलेली. निळी पट्टी पाण्यात गेलेली. तीन माणसं बादल्यांनी पाणी उपसत होती, मिस्त्री त्यांतच. ती आत गुडघाभर पाण्यात उभी होती. दोन्ही तळहातांना चिंध्या गुंडाळलेल्या. धक्क्यावर दोरी बांधून कपडे वाळत टाकले होते. दादाचे सदरे आणि बायकी कपडे, एकाच दोरीवर, एकाआड एक. गादी उन्हात. पडद्यांवर पाण्याची रेघ अर्ध्यापर्यंत.

मी तक्रारीचा कागद पिशवीतून काढला नाही.

मिस्त्री मला बघून वर आला. म्हणाला, "थेंब यायला पाहिजे म्हटलं होतं की नाही? तो थेंब बाहेर टाकणारा पंप बॅटरीवर चालतो. तुम्ही बॅटरी नेलीत. बरं, नेलीत तर नेलीत, तिने हाताने उपसलं असतं. तर कुलूप."

"मला कुणी सांगितलं नाही."

"ती दोन दिवस वरच्या बाजूने नळी घालून ओढत होती. मग पत्र टाकलं तुम्हाला."

त्या बाईने वर येऊन ते पत्र माझ्या हातात दिलं. पाकिटावर लाल शाई: घेण्यास नकार. आत चारच ओळी. "पाणी चढतं आहे. कुलूप तुमचं आहे, म्हणून तोडत नाही. तोडू का, ते लगेच कळवा. पंप बॅटरीवर आहे." खाली सही नाही.

गोल अक्षर. फेरीवहीतलं. आणि डिसेंबरातल्या पत्रातलंही.

मी म्हटलं, "आधीच का नाही तोडलं?"

ती म्हणाली, "माझं काय होतं ते तोडायला?" रागाने नाही. मी रागाची वाट बघत होते, तो आलाच नाही.

मिस्त्री निघताना म्हणाला, "बाई, तुम्ही कुणाच्या घराला कुलूप लावलंत?"

"भावाच्या बोटीला."

"तेच म्हणतोय मी."

हे बोलणं मला आवडलं नाही.

१ मार्च

दलाल आला. हात जोडले, बसला, हळहळला. आता पंचेचाळीस हजार म्हणाला, तेही ओळखीखातर. बोलता बोलता म्हणाला, "एवढं पाणी चार-पाच दिवसांत भरेल असं वाटलंच होतं."

मी विचारलं, "कुणाला वाटलं होतं?"

"म्हणजे... जुन्या बोटींचं तसंच असतं ताई. सगळी त्याची इच्छा."

मी उठून तसबिरीकडे बघितलं. मग त्याला म्हटलं, "चपला बाहेरच आहेत ना? मग घाला."

बॅटरी काढली तर पंपाचं काय, हे त्याने सांगितलं नव्हतं. पण कुलूप मी घातलं. एकशे पंचाण्णव मी मोजले. चार तास मांडीवर बॅटरी घेऊन मी बसले. हे सगळं त्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

२ मार्च

जप तीनदा सुरू केला, तीनदा मोडला.

हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "तुझ्या भावाने ती तीन स्थळं का नाकारली असतील?"

"मला काय माहीत? पगार बेताचा म्हणून असेल."

"अगं, वांग्याचा किडा तू देठावरून ओळखतेस."

मी आत गेले. उशा दोन, कप दोन, वहीत सतरा वर्षं दुसरं अक्षर, साखर नसलेला चहा. सगळं मीच माझ्या हाताने याच वहीत लिहून ठेवलंय. आणि बेरीज केली ती फक्त इंजिनाच्या तासांची.

५ मार्च

पुन्हा धक्क्यावर. मिस्त्रीने फी घेतली नाही. हातोडीने ठोकत गेला. मागचा सगळा भाग आता ढप. वेळेवर पाणी उपसून इंजिन धुतलं म्हणून ते वाचलं. म्हणाला, "नव्वद हजार. त्यातले नव्वद इंजिनाचे. इंजिन सोडून नुसत्या खोक्याला आता कुणी काही देणार नाही."

"इंजिन कुणी घेतलं होतं आठ वर्षांपूर्वी?"

"तिने. भविष्यनिधीतून काढून. पावती तिच्या नावावर आहे, मीच बसवलं होतं."

म्हणजे इंजिन तिचं. खोकं माझं, आणि ते मी बुडवलं. मग मी विकतेय तरी काय?

तिला भेटले. खिडकीच्या आत पहिल्यांदाच गेले. एक स्टूल, तिकिटांचे गठ्ठे, भिंतीवर वेळापत्रक. मी विचारलं, "लग्न का केलं नाहीत?"

ती तिकिटं मोजतच म्हणाली, "माझा नवरा वीस वर्षांपूर्वी निघून गेला. जिवंत आहे. सही देत नाही." मग म्हणाली, "ते दरवर्षी म्हणायचे, यंदा तुमच्याकडे जाऊन सांगतो. मीच नको म्हणायचे."

"का?"

"तुम्ही सोवळ्याच्या. तुम्ही काही बोलला असतात, तर त्यांना लागलं असतं."

मी बोलले असते. नक्की बोलले असते. शब्दसुद्धा माहीत आहेत कुठले.

येताना नोंदणी कचेरीतून नाव बदलायचा अर्ज आणला. किंमत पाच रुपये. पत्रे पुढच्या वर्षी. पातेली आहेतच गळतीखाली ठेवायला.

६ मार्च

पत्राची नक्कल ठेवत आहे. मायना काय लिहावा यात सकाळ गेली. शेवटी जागा सोडली आणि पुढे लिहिलं.

"कृ. सा. न.

सोबत बॅटरी पाठवली आहे. मोटारभाडं इथे भरलं आहे, हमालाला काही देऊ नये. वर कुलपाची किल्लीही बांधली आहे, ते कुलूप दुरुस्त झालं तर आतून लावायला उपयोगी पडेल, सात कळांचं आहे.

बोट तुमच्या नावावर करायची आहे. पैसे पाठवू नयेत. मी हिशोब तीन वेळा मांडला, माझ्याकडे विकण्याजोगं काही निघत नाही. खोक्याच्या दुरुस्तीला जे लागेल त्यातले दरमहा पाचशे मी देईन, पावत्या मात्र ठेवाव्यात.

अर्ज भरून ठेवला आहे, दोन जागा रिकाम्या आहेत. एक तुमच्या पूर्ण नावाची. धक्क्यावर सगळे तिकीटवालीच म्हणतात, मीही तेच म्हणत आले, नाव विचारायचं राहिलं.

दुसरी जागा 'आधीच्या मालकाशी नातं' अशी आहे. नातं नसेल तर कचेरी किमतीच्या सहा टक्के घेते, नव्वद हजारांवर पाच हजार चारशे होतात. घरातलं माणूस असेल तर दीडशे. पाच हजार अडीचशे विनाकारण सरकारला द्यावेत असं मला वाटत नाही. पण देवाला भिऊन वागणारी आहे, खोटं लिहिणार नाही. कचेरीतला कारकून म्हणाला, कागद मागत नाहीत, घरच्या माणसाने सही केली की पुरे. घरचं माणूस मीच उरले आहे.

मला एक शब्द सुचला आहे आणि तो मला खरा वाटतो. पण तो तुम्हाला चालेल का हे विचारल्याशिवाय शाईने लिहीत नाही. म्हणून तूर्त पेन्सिलीने 'भावजय' लिहिलं आहे.

ठेवू की खोडू, ते उलट टपाली कळवावं. तिकीट कमी लागलं तरी हरकत नाही. मी पत्र घेईन."